चौदा किलोमीटरची बॅग

उरलेल्या सुट्टीचे पंचेचाळीस दिवस.
त्यातले बावीस माझे,
तेवीस हृषीचे.
तो वरचा एक दिवस कुणाचा, यावरून
मागच्या वर्षी तीन मेल झाले होते.
यंदा मी म्हटलं, घे.

कपड्यांबद्दल कागदावर काहीच नाही.
वार आहे, वेळ आहे, "सायंकाळी पाचपर्यंत" आहे.
कोर्टाला वाटलं असेल, मूल उभं असतं तसंच नेतात
आणि तसंच परत आणतात.

ऐरोली सेक्टर आठ ते कोलशेत रोड,
चौदा किलोमीटर.
पेडणेकर काकू दारातूनच विचारतात,
"पोर परदेशी निघाली की काय गं?"
काय सांगू. एवढ्या अंतराला
किती कपडे लागतात, याचा हिशोब
मला अजून जमलेला नाही.

पहिल्या वर्षी दोन बॅगा दिल्या होत्या.
स्वेटरसुद्धा, भर मे महिन्यात,
कारण त्याचा एसी अठरावर असतो
आणि तो स्वतः चादर ओढून घेतो, दुसऱ्याची बघत नाही.
पांढरे मोजे गुलाबी होऊन आले.
सोबत दोन टी-शर्ट आले, मी न घेतलेले,
छान मऊ, महागाचे.
धुऊन, घडी घालून वेगळ्या खणात ठेवले.
तेव्हापासून घरात दोन जातीचे कपडे आहेत,
इकडचे आणि तिकडचे.

मग एका वर्षी रागाने
एकच पिशवी दिली, भाजीला नेतो तेवढी.
बाप आहे ना, घेईल.
त्याने घेतले. ते त्याहून वाईट झालं.

आता गार्गी अकराची आहे.
पोहायचा ड्रेस, टोपी, टॉवेल नको, तिकडे असतील.
त्याच्या चुलतभावाचं डोंबिवलीला लग्न आहे,
म्हणून पोपटी फ्रॉक, इस्त्री करून, कागदात.
आणि वरच्या कप्प्यात एक निळी पिशवी,
जी भरताना मी दार लोटून घेतलं,
माझ्याच घरात.

फोन केला.
"ऐक, वरच्या कप्प्यात एक निळी पिशवी आहे.
अजून तसं काही नाही. पण लागलं तर."
पलीकडे कुकरची शिट्टी झाली, एक, मग दुसरी.
म्हणाला, "आणून ठेवलंय मी.
बाथरूममध्ये, खालच्या खणात, तिचा हात पोचेल असं.
दोन प्रकारचे आणलेत. कोणते घ्यायचे कळेना."
मी गप्प.
"दुकानदार काळ्या पिशवीत घालून देत होता," तो म्हणाला,
"मी म्हटलं, कशाला? बिस्किटांच्या पिशवीतच टाक."

नऊ वर्षांच्या संसारात या माणसाने
स्वतःचा रुमाल कधी बॅगेत ठेवला नव्हता.
हे मी बोलले नाही.
"बरं," म्हणाले, "तिला रात्री दही देऊ नकोस,"
कारण काहीतरी म्हणायला हवं होतं.

चारला गार्गी आली,
बॅग पलंगावर उलटी केली.
"आई, एवढं कशाला? आहेत माझे कपडे तिकडे."
चार टी-शर्ट उचलले, गुंडाळ्या केल्या,
ही पद्धत मी शिकवलेली नाही.
पोहायचा ड्रेस. एक पुस्तक.
निळी पिशवी उघडून बघितली, बंद केली.
मी म्हटलं, "ती काढलीस तरी चालेल, बाबाकडे…"
"असू दे," ती म्हणाली,
अगदी माझ्यासारखं, असू वर जोर देऊन.

रिक्षात बॅग तिने मांडीवर घेतली.
मांडीवर मावली.

पलंगावर उरलेला ढीग अजून तसाच आहे.
त्यातला पोपटी फ्रॉक हातात घेतला तेव्हा कळलं,
खांद्यात तो तिला आता होणारच नाही,
डोंबिवलीलाही नाही, कुठेच नाही.
पेडणेकर काकूंच्या नातीला होईल.
उद्या देऊन येते.
उद्या नको, पुढच्या आठवड्यात बघू.