पेन्सिलीचे ठिपके

मलावीच्या उत्तरेला, रुंफीच्याही पलीकडे,
आमच्या दवाखान्याच्या भिंतीवर एक आलेख आहे.
तो मी काढते. पेन्सिलीने.
दर शुक्रवारी वीस घरं, वीस बादल्या,
प्रत्येकीतलं घोटभर पाणी काचेच्या नळीत.
गुलाबी झालं तर त्यात औषध आहे.
पहिल्या शुक्रवारी गुलाबी निघाल्या: चार.

जिल्ह्याचे साहेब म्हणाले, बायकांना समज कमी,
सभा घ्या.
घेतल्या. गाणीसुद्धा झाली.
पाच.

तेव्हा न्यागोंडवे बोलली, मक्याची कणसं सोलता सोलता:
"आम्हाला विचारा तरी, पाणी मुरतंय कुठे ते."
विचारलं.
औषध का नाही टाकत?
पंपाजवळचा डबा रिकामा.
रिकामा का?
कुलूप आहे त्याला.
किल्ली?
गावप्रमुखाकडे.
आणि गावप्रमुख?
मयताला. या महिन्यातलं तिसरं, तेही लहान मुलाचं.
पुढचं 'का' कोणी विचारलं नाही.
सगळ्या आपापल्या पावलांकडे बघत बसल्या.

ठरलं: एकच पंप, एकच आठवडा.
किल्ली न्यागोंडवेच्या गळ्यात, मण्यांच्या माळेला.
गावप्रमुख आधी फुगला, मग म्हणाला,
"आठवडाच ना?"

अकरा.
चौदा.
आणि मग सहा.

त्या सहापुढे मी बराच वेळ उभी होते.
सोमवारी जिल्ह्याची गाडी येणार होती,
आणि माझ्या खिशात खोडरबर होतं.
न्यागोंडवे लेकीच्या बाळंतपणाला गेली होती,
किल्ली गळ्यात तशीच.
ठिपका राहू दिला.
त्याच्याखाली बारीक अक्षरात लिहिलं: किल्ली एकच होती.

आता दोन आहेत.
दुसरी शाळेत, खडूंच्या पेटीत.
गेले चार शुक्रवार रेघ सोळाच्या खाली आली नाही.
साहेबांनी फोटो काढून नेला,
माझा अंगठाही आलाय त्यात.

पण लुसुंगूची बादली.
तिच्या नळीतलं पाणी अजून जसंच्या तसं राहतं.
तिचं पोर आलेखाच्या आधी गेलं,
त्याचा ठिपका कुठेच नाही.
"त्या औषधाचा वास आला," ती म्हणते,
"की मला दवाखान्यातली ती रात्र येते."
वहीत या कारणासाठी रकाना नाही.

मी नळी पिशवीत ठेवते.
ती सुपातल्या शेंगा माझ्याकडे सरकवते.
फोडत बसतो दोघी.
अजून तीन घरं राहिलीत,
आणि ऊन उतरायला लागलंय.