लो-फर्स्ट

गाडी माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान.
पुढच्या चाकांचे हब अजून हातानंच लॉक करावे लागतात,
म्हणजे चिखलात उतरल्याशिवाय
चिखलातून जायची सोय नाही.
बाबा म्हणायचे, बरं आहे की,
माणूस आधी स्वतःचा पाय रुतवून बघतो.

भादवा सरत आलेला. विश्वामित्री ओसरून नऊ दिवस.
वडसरच्या पुढे रमीलाबेनचं शेत,
शेताच्या टोकाला शिरीष.
पुरानं बुडाची माती नेली, तेव्हापासून तो
बोअरच्या खोलीवर कललेला,
उभ्याउभ्या पेंगणाऱ्या वॉचमनसारखा.
"कापी आपो," ती फोनवर म्हणाली, "पण आजे ज."
भिंतीला तडा गेला होता.

मागे नगीन राठवा, मांडीवर करवत.
छोटा उदेपूरचा. बोलतो ते झाडावर चढल्यावरच.
मी टायरची हवा सोडली, अठरावर आणली,
छोटा दांडा ओढला, लो-फर्स्ट,
आणि क्लचवरचा पाय काढून घेतला.
क्लचशी खेळणारा माणूस
काळ्या मातीला लांबूनच ओळखू येतो.

दोनशे फूट गेलो. कडेला मगरीची घसरण,
गुळगुळीत, जणू कुणी कढई ओढत नेली.
नगीननं पाहिली, मी पाहिली,
नाव दोघांनीही काढलं नाही.

मग मागचं डावं चाक.
आधी फक्त आवाज बदलतो.
इंजिन तेच, पण गाडी दुसऱ्या कुणाचं तरी ऐकत असते.
मी जोर दिला. चूक माझीच.
चाकानं आपल्यापुरतं घर खणलं,
पोट मातीला टेकलं,
चारही चाकं फिरताहेत
आणि शेत जागच्या जागी.

विंचची तार तीस मीटर. बांधायची कशाला?
विजेचा खांब नको, बाभूळ मनगटाएवढी.
उरला तो शिरीष.

नगीन गुडघाभर चिखलातून तार घेऊन गेला.
बुंध्याला अगदी खाली रुंद पट्टा घातला,
साल सोलू नये म्हणून,
नेहमी घालतो तसाच.
तासाभरानं तिथंच करवत चालवायची होती,
तरी पट्ट्याला पडलेली एक घडी
त्यानं अंगठ्यानं सपाट केली.

मी तारेवर ओलं पोतं टाकलं.
तार तुटली तर उसळू नये म्हणून टाकतात.
माझ्या भुवईवरची खूण
एकदा न टाकलेल्या पोत्याची आहे.
रमीलाबेनला लांब उभं केलं.
विंच कण्हली.
झाडातून आवाज आला,
लग्नातलं जुनं कपाट उघडताना येतो तसा.
एक बगळा उठला. गाडी वीतवीत वर आली.

अर्धा उपटलेला तो,
त्यानं एवढं वजन ओढू दिलं कशाच्या जोरावर,
ते जवळ गेल्यावर दिसलं:
मांडीएवढं एकच मूळ शाबूत,
नेमकं आमच्या बाजूला गेलेलं.

चहा झाला. घाईचं कुणी बोललं नाही.
"राखीए तो?" रमीलाबेननं विचारलं,
मग तड्याकडे बघून स्वतःच कप गोळा केले.

साडेतीनला नगीन चढला.
वरून मोठमोठ्यानं बोलत होता,
दोर ढील दे, बाजूला हो, ही फांदी पोकळ आहे,
हिच्यात पोपटाचं घर होतं, रिकामं आहे, रिकामं आहे.
अंधार पडताना ओंडके बाहेर ओढले.
तीच तार, तोच पट्टा.

वखारीत हरिवदनभाईनं
बुंध्यावरचा फिकट पट्टा चोळून पाहिला. कीड?
नाही म्हटलं, आमचंच आहे.
त्यानं त्यावरच खडूनं फुली मारली
आणि पुढचा ओंडका मागितला.

परतताना स्टिअरिंग जड लागत होतं.
दिवसभराचे हात, दुसरं काय, असं वाटलं.
अकोट्याच्या पुलावर लक्षात आलं,
हब सोडायचेच राहिले.
कोरड्या डांबरावर, दिव्यांच्या रांगेतून,
पुढची चाकं अजून चिखलातच.