खांब क्रमांक सात

हातोडी मारली की चांगलं काँक्रीट टणकन बोलतं.
वाईट काँक्रीट भद्द करतं,
ओल्या गादीवर कुणी बसल्यासारखं.
अठरा वर्षं माझा हाच धंदा,
इमारतींच्या छातीला कान लावायचा.

सालढाणा मॅन्शन, माझगाव. तळमजला अधिक तीन.
बावीस बिऱ्हाडं, एक बाइंडर, एक बंद पडलेली लाँड्री.
बहुतेक खांब मधलेच निघाले,
सी-वन म्हणावं तर जास्त, टू-बी म्हणावं तर कमी.
फक्त सात नंबर, जिन्यामागचा,
त्याला कुणीतरी कालच पिवळा रंग फासला होता.

सी-वन लिहिलं की आधी पाणी कापतात, मग वीज.
मग माहुल. मग तिथंच म्हातारपण.
टू-बी लिहिलं की डागडुजी,
आणि दर रात्री माझं जागं राहणं.

बिल्डरचा माणूस काजूकतली घेऊन आला.
म्हणाला, मॅडम, आम्हाला काही नको,
तुम्ही फक्त खरं लिहा.
तिथंच सगळं अडलं.
खोटं लिहायला सांगितलं असतं
तर डबा परत करून निवांत झोपले असते.
आता खरं त्याच्याच बाजूनं उभं होतं,
हसत, चकचकीत बूट घालून.

आकडे तीनदा तपासले. आकड्यांना माणसं ओळखू येत नाहीत,
ही त्यांची चांगली सवय, आणि हीच वाईट.
टिपणीस सर म्हणायचे,
शंका आली तर त्या घरात आपलं पोर झोपवून बघ. मनात.
मला पोर नाही.
म्हणून मीच गेले झोपायला.

दुसऱ्या मजल्यावर, हर्षला तांडेलकडे.
तिनं बोंबलाचं कालवण केलं,
एक शब्द विचारला नाही.
कोपऱ्यात तिची दीक्षिता प्रमेय पाठ करत होती
आणि तिच्या उशापासून हातभर अंतरावर
एक स्टीलचं ताट, रिकामं.

रात्री दोनच्या सुमाराला कळलं ते कशाला.
टिक्. मग बारीक सरसर. मग पुन्हा टिक्.
छत उतरत होतं, चिमूटचिमूट.
पहाटे हर्षला उठली,
ताट गच्चीवरच्या तुळशीत रिकामं केलं,
पुसून पुन्हा जागेवर ठेवलं.
माझ्याकडे बघितलं.
म्हणजे तिला माहीत होतं.
मी एकदा ठरवणार होते,
ती रोज सकाळी ठरवत होती.

चहा देताना एवढंच म्हणाली,
लिहा हो. पण दहावी एकोणीस दिवसांवर आहे.
एकोणीस दिवस.
मी असं कुठलं सूत्र शिकले नव्हते
ज्यात हे घालता येईल.
एवढी वर्षं उभा राहिलेला खांब
आणखी एकोणीस दिवस राहीलच की.
असंच प्रत्येक पडलेल्या इमारतीबद्दल
आदल्या दिवशी कुणीतरी म्हटलेलं असतं.

लोकांना वाटतं, निर्णय म्हणजे तराजू.
माझा तरी तसा झाला नाही.
ऑफिसात पोचले, पंखा लावला,
पेनाचं टोपण सापडेना, ते शोधलं,
आणि शोधता शोधता सही झालेली होती.
सी-वन. त्याच दिवशीची तारीख.

दीक्षितानं पेपर उरणच्या मावशीकडून दिले.
लाँचनं ये-जा.
बीजगणिताला पंचेचाळीस मिनिटं उशीर.
हर्षलानं माझा फोन उचलला, ऐकून घेतलं,
बरं म्हणाली, ठेवला.

चार वर्षं झाली. कोर्टाची स्थगिती आहे.
सालढाणा मॅन्शन उभीच आहे,
रिकामी, खिडक्यांतून पिंपळ बाहेर काढून.
बस तिथून वळते तेव्हा मी वर बघते.
खरं सांगू?
एखाद्या रात्री, कुणी आसपास नसताना,
ती पडावी असं मला वाटतं.
मग लाज वाटते.
मग पुढचा स्टॉप येतो,
पिशवीत हातोडी आहे ना, तेवढं चाचपते.