चौदावा काटा

पहिल्या दिवशी मी फक्त वास लिहून ठेवला.
अमोनिया, डिझेल, ओलं लोखंड.
खोली चौदाशे दहा मीटर. जाळं टाकलेलं दुसऱ्याच माशासाठी.
हाफ्लिदी म्हणाला, पोट पांढरं नव्हतं, म्हणून वेगळी काढली,
नाहीतर कोलबेन टांगणारच होता तिला शेडमध्ये
डिसेंबरातल्या त्या एका जेवणासाठी,
जे ईसाफ्योर्दुरमध्ये आम्ही खिडक्या उघड्या टाकून शिजवतो
आणि डोळ्यांतून पाणी काढत खातो.

टेबलावर पसरली तेव्हा
कुणीतरी पार्टीतून घाईत निघताना टाकून गेलेला रेनकोट.
नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत एकशे चार सेंटिमीटर.
बाकी सगळं याच आकड्याच्या टक्क्यांत लिहायचं:
डोळा तीन, तोंड साडेसात, शेपूट निम्म्याहून थोडी जास्त.
पाकट लहान असो की मोठी,
तिला तिच्याच मापानं मोजायचं.
आमच्या शास्त्रात एवढा एक सभ्यपणा आहे.

बाहुलीवर बारीक झालरीचा पडदा.
तिथे खाली ऊन कधीच पोचत नाही,
तरी पडदा आहे.

मग काटे.
मानेपासून शेपटीपर्यंत एकच ओळ,
मी बोटांनी मोजले, मग चिमट्यानं,
मग रात्री घरी जाऊन परत आले आणि मोजले.
सव्वीस.
आणि तेराव्यानंतर कातडीत एक खड्डा, चांदणीच्या आकाराचा.
सव्वीस म्हणजे जुनीच जात, जरा काळवंडलेली.
सत्तावीस म्हणजे हिला अजून नाव नाही.
खड्डा मोजायचा का, विचारलं.
बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, खड्डा म्हणजे काटा नव्हे.

स्पिरिटमध्ये रंग दोन दिवसांत उडतो.
म्हणून हाफ्लिदीला फोन लावला: वर आली तेव्हा कशी होती?
बराच वेळ नुसता वारा.
मग म्हणाला, काळ्या वाळूवरून लाट मागे सरते ना,
दुसरी यायच्या आत वाळू जशी दिसते, तशी.
मी लिहिलं: गडद राखी-तपकिरी.

आणि फोन ठेवता ठेवता तो अंगठ्याचं बोलला.
सुजला होता, डॉक्टरनं चिरा देऊन काहीतरी काढलं,
टाकून देणार होते, पण बायकोनं काडेपेटीत ठेवलं,
तिला असल्या वस्तू ठेवायची खोड आहे.

काडेपेटी टपालानं आली. कापसावर काटा, दुधाच्या दातासारखा.
सूक्ष्मदर्शकाखाली तळाची चांदणी खड्ड्यात उतरवली.
बसली.
मी उभी राहिले, उगीचच नळ सोडला, बंद केला.

बोटीवरच्या स्वयंपाकीणबाईंना, ब्रिंदीसना, फोटो दाखवला.
अगं, ही होय! आम्ही हिला विधवा म्हणतो.
बटाटे जास्त घे हिच्यासोबत, लोणी कमी.
चाळीस वर्षं झाली की.

नवी जात, असं छापून येईल.
कुणाला नवी, त्याला रकाना नाही.
हाफ्लिदीचा अंगठा अजून थंडीत बधिर होतो,
त्यालाही नाही.
टाकीत मावेना, म्हणून शेवटी तिचे पंख दुमडावे लागले,
आधी डावा, मग उजवा,
आणि झाकण लावताना माझं लक्ष पुन्हा त्या डोळ्याकडे गेलं.
पडदा अर्धाच खाली होता.
हे मी मोजलं नव्हतं.