सात समुद्र, गुडघाभर

आधी खऱ्या होडीत बसायचं,
खाडी ओलांडायची,
मग रांगेत उभं राहून
खोट्या होडीत बसायचं.
बाबांना यात काहीच विचित्र वाटत नसे.
खऱ्या होडीत ते काठ घट्ट धरून, डोळे मिटून,
खोट्या होडीत पाय पसरून.

आज बत्तीस वर्षांनी आले आहे.
तिकीटखिडकीला कबुतरांसाठी जाळी.
कमानीवर ‘सात समुद्रांची सफर’,
त्यातला ‘फ’ कुणीतरी नव्याने रंगवलाय,
इतरांपेक्षा जरा जास्तच निळा.

मार्टिन किणी अजून तरफेपाशी.
तेव्हा शर्टाला बिल्ला होता,
आता चष्म्याला दोरी.
“अकरा होड्या होत्या,” तो म्हणतो,
“चार चालतात.
बाकीच्यांचे अवयव यांना लावलेत.”

हे सगळं चेंदवणकरांनी केलं.
गिरगावात गणपतीचे हलते देखावे करणारा माणूस.
शेठजी म्हणाले, परदेशात असतं तसं करा.
परदेश त्यांनी पाहिला नव्हता,
पोथीतले समुद्र मात्र तोंडपाठ होते:
खारा, उसाच्या रसाचा, मद्याचा, तुपाचा,
दह्याचा, दुधाचा, आणि शेवटी
साध्या गोड्या पाण्याचा.
मद्याला शेठजींनी हरकत घेतली.
म्हणून तिसरा समुद्र कोकम सरबताचा झाला;
लाल बल्ब आधीच आणून ठेवले होते.

टॅक्सीच्या वायपरच्या मोटरवर
मगर जबडा उघडते, मिटते,
इतकी वर्षं एकाच लयीत, कुणालाही न खाता.
राक्षसाचं हसू चेंदवणकरांचं स्वतःचं,
एका रात्री टेपवर भरलेलं.
हसण्याच्या शेवटी येतो तो खोकलाही त्यांचाच.
ते गेले त्याला एकोणीस वर्षं झाली.
खोकला वेळेवर येतो.

तुपाच्या समुद्रात पिवळा दिवा फडफडतो.
दह्यात काहीच नाही, फक्त ओल.
मग वळण,
आणि दूध.

इथेच वीज गेली होती.
मी नऊ वर्षांची.
साखळी थांबली, शेषाचे पाचही फणे काळोखात गेले,
मागच्या होडीत कुणी देवाचं नाव घेऊ लागलं.
देव समोरच पहुडला होता,
दिसत नव्हता इतकंच.

आणि पोहता न येणारे माझे बाबा
चपला माझ्या मांडीवर ठेवून, पँट दुमडून
क्षीरसागरात उतरले.
पाणी त्यांच्या गुडघ्यापर्यंत आलं. बस, तेवढंच.
आमची होडी ओढत नेली, मग परत जाऊन मागची,
मग तिच्या मागची.
बाहेर उन्हात लोकांनी टाळ्या वाजवल्या.
मी रडले.
त्यांना वाटलं, अंधाराला घाबरली.
मला समुद्राचा तळ कळला होता,
हे मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.
त्या सुट्टीत त्यांच्याशी धड बोललेही नाही,
आणि ते आपले रोज विचारत,
आइस्क्रीम आणू का?

आज शेषाला तीनच फणे.
दोन रंगवायला नेलेत, मार्टिन म्हणाला होता,
कधी नेलेत ते नाही म्हणाला.
मी हात पाण्यात सोडते.
कोमट, क्लोरीनचा वास.
बोटं खाली जातात,
मनगट, मग आणखी थोडं,
आणि तळ लागायच्या आत मी हात वर घेते.

परतताना ओहोटी.
लाँच धक्क्याच्या अलीकडेच रुतते.
खलाशी लुंगी खोचून उतरतो,
खऱ्या खाडीत, खऱ्या चिखलात,
पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत.
एकट्याने ढकलून हलत नाही.
सगळे मोबाइल काढून त्याच्याकडे बघतात.

शेजारी एक मुलगी बसलीये, सात-आठ वर्षांची,
हातात पार्कातला फुगा.
मी चपला काढते.
तिला म्हणते,
जरा धरतेस?