देणाऱ्याने मोजावेत दात

वरच्या टेकडीला आग लागून आज नऊ दिवस झाले.
वारा फिरला की राख अजून येते,
वाळत घातलेल्या चादरींवर बसते,
झटकली तर करडा डाग.
वालपाराइसोत हल्ली कुणी पांढरं वाळत घालत नाही.

चर्चच्या सभागृहात सामान गोळा करताहेत.
बाहेर पाटी: कपडे, भांडी, पांघरुणं. वापरण्याजोगी.
'वापरण्याजोगी'खाली कुणीतरी दोन रेघा ओढल्यात.
मला पाहूनच ओढल्या असाव्यात.

मी एर्मेलिंदा. वय एकाहत्तर, गुडघ्यांचं थोडं जास्त.
रस्त्यापासून दारापर्यंत एकशे अठरा पायऱ्या.
या घरात जे आलं
ते कुणाच्या तरी पाठीवरून वर आलं,
म्हणून खाली जायचं नाव घेत नाही.

पहिल्या दिवशी मी काय काढलं, सांगते लाज सोडून:
मुठीवाचूनची किटली.
निबाल्दोच्या विजारी, जहाजाच्या रंगाने कडक झालेल्या,
भिंतीला टेकवल्या तर आपणहून उभ्या राहतील अशा.
लवचिक उडालेले मोजे. तळ गेलेली टोपली.
ज्यांचं सगळंच गेलं त्यांना एवढंही पुष्कळ,
असं म्हणाले नाही,
पण गाठोडं बांधताना हात तेच म्हणत होते.

धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत, म्हणतात.
घेणाऱ्याने नयेत.
देणाऱ्याने मोजावेत की!
गोठ्यातच, उजेडात, जबडा उघडून.

रात्री गाठोडं सोडलं.
किटली मलाच ठेवली, फडक्याने धरते मी.
आणि काढलं चिलोएचं लोकरी पांघरूण,
तेवीस वर्षं पाहुण्यांसाठी राखलेलं
(पाहुणे आले, पण उन्हाळ्यात).
मोठं पातेलं. निबाल्दोचे बूट,
नवा तळवा मारून आणले त्याच आठवड्यात तो गेला;
चांभाराची चिठ्ठी आत तशीच.
चिठ्ठी काढली. परत घातली. काढली.

शेजारचा यर्को ओझं घेऊन पुढे, मी कठड्याला धरून मागे.

सभागृहात एक बाई कोपऱ्यात बसलेली, ओरियाना.
चार पांघरुणं मिळालीत म्हणाली, दोन पातेली,
अगदी नवी इस्त्रीसुद्धा.
मग जरा वाकून, उधारी मागावी तशी:
"तुमच्याकडे काही बिनकामाचं आहे का हो?
आमच्याकडे एक खण होता. सुतळीचे तुकडे,
कसल्याच नसलेल्या किल्ल्या, मेणबत्तीची थोटकं.
आता खोलीत आहे ते सगळं कामाचं.
झोपच येत नाही."

मी घरी आले. चहा केला, तो प्यायचा राहिला.
स्वयंपाकघरातल्या कपाटाचा तिसरा खण
अडकतो दरवर्षी, दमट हवेत.
ओढला. हिसडला.
आला अखेर, बटणं, सेल, चिमटे, बाटल्यांची बुचं सगळ्यासकट.
कपाटाचं तोंड आता दात पडलेल्या पोरासारखं.

"यात काय आहे?" यर्कोने विचारलं,
साठाव्या पायरीवर, दम खात.
खुळखुळत होतं.
"काही नाही. लागेल कधी."

त्यातली एक किल्ली आमच्याच दाराची,
हे मला नव्वदाव्या पायरीवर आठवलं.
हाक मारायला तोंड उघडलं,
आणि म्हटलं, सावकाश रे, पायरी तुटकी आहे.