पाठचा वारा

विब्रेननं सायकल घेतली तेव्हा मी हसले.
आमच्या हार्लिंगनमध्ये सायकल कुणी घेत नाही,
ती असते; छत्रीसारखी, सर्दीसारखी.
माझ्या आईच्या दफनालाही तो सायकलवरूनच आला होता,
कॅरियरला फुलं बांधून.

पण ही वेगळी. काळी, कार्बनची,
आमच्या बोक्याहून जेमतेम जड.
त्या पैशांत जुनी मोटार आली असती.
हिला घंटी नाही, स्टँड नाही,
भिंतीला टेकवायची तर मध्ये मऊ फडकं.

त्रेपन्नावं लागलं होतं. डॉक्टरबाईंनी
एका आकड्याभोवती गोल काढला, एवढंच.
त्याच आठवड्यात त्यानं हिशेब मांडला,
मला न सांगता, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूला:
बाप गेला त्या वयाला उरले दिवस चारशे अकरा.

मग पहाटे ओट्स. मोजून बदाम.
मग एका रविवारी न्हाणीघरात, माझाच रेझर घेऊन
पाय गुळगुळीत करत बसलेला
दूध काढायच्या यंत्रांचा मेकॅनिक.
"वारा कमी अडतो," म्हणाला, वर न बघता.
पोटऱ्या मी करून दिल्या. त्याचा हात पोचेना.

आमच्याकडे डोंगर नाहीत.
समुद्राला थोपवणारा बांध आहे, बांधावर मेंढ्या,
आणि चढ म्हणाल तर वारा.

सप्टेंबरात एकदा फोन आला, दिवस कलताना.
"पडलो नाही. तसं काही नाही."
मागे मेंढ्या, आणि कापड फडफडल्याचा आवाज.
"इतका सुसाट गेलो आज, येल्त्ये,
पंचविशीतही असा गेलो नव्हतो.
वाटलं, पाय परत आले.
वळलो तेव्हा कळलं."

मी माझी काढली, तीन गिअरची,
पुढे बटाट्यांची टोपली.
तासाभरानं सापडला, बांधाच्या फाटकाशी,
त्या अंगाला चिकटलेल्या पिवळ्या कपड्यांत
गुडघे पोटाशी घेऊन.
टोपलीतला चीज-पाव त्यानं काहीही न मोजता खाल्ला.

"माझ्या मागे राहा. चिकटून."
दोन बाळंतपणांची ही पाठ, वर लोकरी कोट,
बऱ्यापैकी वारा अडतो.

हळू निघालो. एक शाळकरी पोरगी
एका हातानं मोबाइल बघत आम्हाला मागे टाकून गेली.
तो मागे पुटपुटत होता, आकडे.
मला वाटलं, पुन्हा दिवस.

मेंढ्या होत्या.
एकशे चौदाला चुकला,
आणि शिवी हासडून
पहिलीपासून सुरुवात केली.